वाणात दिलेला पासवर्ड

पडद्यावर मोहिनीचा चेहरा थांबला. तोंड अर्धं उघडं, उजवा हात हवेत, डोळे मिटता मिटता राहिलेले. पलीकडे सिडनीतली मुलं आपापल्या चौकोनात थिजली, चौकोन काळे पडले आणि मधोमध एक गोल नुसता फिरत राहिला. ‘चिमणी म्हणाली’ एवढं समुद्रापार गेलं होतं. चिमणी काय म्हणाली ते इथेच, सिंदीतल्या घराच्या मागच्या खोलीत, तिच्या जिभेवर राहून गेलं होतं. परदेशातल्या मराठी घरांतल्या मुलांना मराठी बोलायला शिकवणारी एक संस्था होती, तिच्यासाठी हा चाचणीचा तास. थोड्या वेळाने तिथल्या मॅडमचा निरोप आला, अगदी मऊ शब्दांत: तुमचं बोलणं मुलांना आवडलं, पण नेट टिकत नाही, शनिवारी दुपारी पुन्हा एकदा बघू, त्यानंतर मात्र जमणार नाही. वाचून तिला रडू यायला हवं होतं. त्याऐवजी ती खुर्ची पुढे ओढून ताठ बसली. कारण मघाच्या त्या थांबलेल्या चेहऱ्याकडे तिने नीट पाहिलं होतं, आणि तो बोलत होता. लग्नाच्या अल्बमपासून परवाच्या बारशापर्यंत एकाही फोटोत ती बोलताना नव्हती. कुठे ताट धरलेली, कुठे पदर सावरणारी, सगळीकडे कोणाच्या तरी मागे. हा चेहरा पुढे होता. त्याच्या तोंडचा घास कोणीतरी वाटेतच उचलला होता, आणि तो कोण, हे शनिवारच्या आत शोधायचं, एवढं एकच तिच्या मनात सुटलेल्या वासरासारखं धावायला लागलं.

तिने हिंगणघाटला भावाला फोन लावला. रत्नदीप तिथल्या एका कॉलेजात कारकून, धाकटा, चेष्टेखोर. त्याने आधी विचारलं, ताई, तुह्या वायफायवर कोन कोन आहे? कोन म्हंजे, ती म्हणाली, आमी तिघं. मी, तुहे भाऊजी अन् आत्याबाई, त्यांनाही कीर्तन पाहाले लागते. पोरगी नागपूरवरून आली तर चौथी. तो हसला. हसणं थांबवून त्याने सांगितलं, डब्बा उलटा कर, बुडाशी एक पत्ता छापला आहे, तो मोबाइलमध्ये टाक, आत जा अन् आपल्या डोळ्यानं पाह्य. तिने खिडकीतला तो पांढरा डबा उलटा केला. आत जायला नाव आणि पासवर्ड हवा होता, आणि तेही बुडाशीच छापलेलं होतं. दोन्ही जागी एकच शब्द, अॅडमिन. ती तशीच उभी राहिली. या घरात देवघराला कडी होती, धान्याच्या कोठीला कुलूप होतं, मोठ्या दाराला सासऱ्यांच्या वेळची लोखंडी आडणी होती जी अजून रोज रात्री सरकवली जायची. आणि हा दरवाजा, जो भिंतीतून आरपार अख्ख्या गल्लीत उघडा पडला होता, त्याच्या कुलपावरच किल्ली टांगलेली. तिने तो शब्द टाकला. आपल्याच घरात आपण कधी न पाहिलेली एक खोली निघावी आणि तिच्या उंबऱ्याशी उभं राहिल्यावर आत कोणी कुजबुजत असावं, तसं तिच्या अंगावर सरसरून आलं. आत माणसं होती. मोबाइलांच्या नावांची रांग. अंगठ्याने वर ढकलावी तरी खालून नवीन येत होती. शेजारची जयवंता. जयवंताच्या घरचा टीव्ही. वकिलीणबाई. राममंदिराजवळच्या शिवणवालीचा फोन, तिच्या नावापुढे तिने गुलाबाचं फूल लावलं होतं तेही आलेलं. आणि मग अशी नावं, जी कोणत्याच बाईची नव्हती: कोणी किंग, कोणी टायगर, एकाच्या नावाच्या जागी नुसते आकडे.

तिला ते आठवलं, आणि एकटीच खोलीत उभी असून ती तोंडाला पदर लावून हसली. संक्रांतीचं हळदीकुंकू. नेट तेव्हा नुकतंच आलेलं, आणि सगळ्या घरांतून त्याच त्या प्लास्टिकच्या वाट्या लुटल्या जात होत्या. तिला त्या दिवशी काय वारं शिरलं होतं कोण जाणे. काळी साडी, हलव्याचे दागिने, अंगात नुसती उकळी. प्रत्येकीच्या तिळगुळाच्या पुडीला तिने एक चिठ्ठी बांधली होती आणि चिठ्ठीत पासवर्ड. यंदा आमच्याकडचं वाण वायफाय आहे बरं का. बायका अशा हसल्या की वकिलीणबाईंच्या हातातलं अत्तर सांडलं. पुढे महिनाभर सिंदीत तेच, कापडवाल्यांच्या सुनेनं वायफाय लुटलं. रेल्वेच्या पलीकडच्या वस्तीतून ओळख नसलेल्या बायकाही कुंकू लावून घ्यायला येऊन गेल्या. तिला वाटलं होतं, वाण देव्हाऱ्यात किंवा फडताळात जाऊन बसतं तसं हेही बसेल. ते बसलं नाही. बायकांनी मुलांना दिलं, मुलांनी मित्रांना, आणि समोरच्या नालीवरच्या रपट्यावर संध्याकाळी जी पोरं येऊन बसायची, ती लिंबाच्या सावलीसाठी येतात असं ती इतके दिवस समजत होती. माझ्याच खिडकीखाली बसून माझंच वाक्य खात होती, तिला वाटलं, आणि मी त्यांना ऊन लागू नये म्हणून त्या लिंबाची फांदी तोडू दिली नाही. रत्नदीपने शेवटी गंभीर होऊन सांगितलं होतं, तुह्या लाइनीवरून एखाद्यानं काही वाकडं केलं तर विचारपूस तुह्या दारात येईन, त्याच्या नाई. तेवढ्यापुरती तिच्या पायांखालची फरशी गार झाली. पण भीतीच्या वर, दुधावर साय यावी तसा, दुसराच एक आनंद येऊन राहिला होता: ही सगळी माणसं माझ्या दारातून आत येतात, आणि ते दार लावायचं की नाही, हे मी ठरवायचं.

मी ठरवायचं, हे तिने जेवताना बोलून टाकलं तेव्हा तिचा नवरा ओमप्रकाश ताटातून मान वर न करता ‘कर’ म्हणाला. त्याचं लक्ष कापडाच्या दुकानात सोडून आलेल्या गिऱ्हाइकाकडे होतं. आनंदाबाई मात्र जेवायची थांबली. सासूबाईचं थांबणं मोहिनीला पाठ होतं. आधी हातातला घास वाटीशी टेकतो, मग मान किंचित तिरपी होते, मग बोलणं येतं.

“देल्लं वाण वापस घेतलं, असं सिंदीत आजवर कोनं आयकलं नाई,” ती म्हणाली. “तू नवीन रीत पाडून राह्यली का?”

मोहिनीलाही आतून तेच टोचत होतं. सवाष्णीच्या ओटीत घातलेलं आपण हात घालून काढणार. जयवंता तर रोज दुपारी त्याच्यावर अमरावतीच्या लेकीशी बोलते, नातवाचे नुकते फुटलेले दात पाहते. मागच्या भिंतीवरून ओरडून सांगते, तुह्या वायफायले तुहाच गुन लागला व, हाक मारली का येते. म्हणाली तेव्हा मोहिनी हसली होती, पण ते वाक्य नंतर भांडी घासताना तिच्यासोबत राहिलं. हाक मारली की येते. खरंच होतं. भुलाबाईच्या गाण्यांच्या दिवसांत रोहण्याला, तिच्या माहेरी, मुली खिरापत झाकून आणायच्या, डबा कानाशी हलवायच्या आणि बाकीच्यांनी आत काय ते ओळखायचं. मोहिनीचा डबा नेहमी पहिल्या दमात ओळखला जायचा. तिचा चेहराच सांगून टाकतो, असं सगळ्या म्हणायच्या. मग ओळखून झालेली खिरापत वाटत ती फिरायची, आणि तळव्यावर खोबरं ठेवताना तिला वाटायचं, एकदा तरी कोणालाच येऊ नये. एकदा तरी सगळ्यांनी हरावं आणि विचारावं, बाई गं, सांग ना आता.

शुक्रवारी तिने त्या उघड्या खोलीत शिरून सगळे कोपरे पाहिले. जिथे तिथे इंग्रजी, पण शब्द दाराखिडक्यांचेच होते, आणि एका ठिकाणी तिला ते सापडलं. पाहुण्यांसाठी निराळं जाळं. त्याला निराळं नाव, निराळी किल्ली. तिथे आलेला माणूस आतल्या फोन-लॅपटॉपपर्यंत पोचत नाही, त्याचा वेग आपण बांधून ठेवायचा, हवं तेव्हा तास-दोन तास ते मिटवून ठेवायचं. ती धावतच स्वयंपाकघरात गेली आणि आनंदाबाईला सांगू लागली, आत्याबाई, आपल्या घराले जशी ओसरी आहे ना, तशी ह्याले बी असते. आल्या-गेल्यानं तिथं बसावं, पानी मागावं, पन माजघरात नाई. आनंदाबाईने ऐकून घेतलं. ओसरीवर बसाले कोन मना करते, एवढंच म्हणाली आणि कणिक पुढे सरकवली. म्हणजे झालं. वाण वाणाच्या जागी राहिलं. मोहिनीने ओसरीचं नाव ओसरीच ठेवलं, तिची किल्ली तिळगूळ ठेवली, जी कोणालाही लक्षात राहावी. राहिली माजघराची, म्हणजे घरच्या जाळ्याची.

आणि तिथे ती अडली. कोणाला ओळखता येऊ नये असा शब्द हवा, असं रत्नदीपचं म्हणणं. आधीचा होता ओमप्रकाश आणि मोहिनी, चिकटवून. तो चिठ्ठीशिवायही कोणाला आला असता. ती कपडे वाळत घालायला गच्चीवर गेली, आणि एकेक कपडा झटकताना एकेक शब्द झटकून पाहू लागली. लेकीचं, रक्षाचं नाव, तिची जन्मतारीख: बारशाच्या घुगऱ्या अख्ख्या गल्लीने खाल्लेल्या. लग्नाची तारीख: वरात स्टेशनापासून नाचत आलेली, मालगाडीचा गार्डसुद्धा पाहत उभा होता. कुलदैवत, गाडीचा नंबर, माहेरचं आडनाव. शिबिरात रक्त दिलं तेव्हापासून तिचा रक्तगट मंडळाच्या फळ्यावर होता. तिचं वजन पिठाच्या गिरणीतल्या माणसाला ठाऊक होतं, कारण एकदा गंमत म्हणून ती त्या काट्यावर चढलेली. पिशवीचं ऑपरेशन झालं तेव्हा टाके किती ते तिच्याआधी जयवंताला कळलं. सिंदीत तिच्याविषयी कोणाला ठाऊक नाही असं काय होतं? प्रश्न साधा होता, पण तो तिने स्वतःला कधी घातला नव्हता, आणि घातल्यावर ओल्या चादरीचं टोक हातात धरून ती उन्हात तशीच उभी राहिली. एक तरी असेल. एवढी वर्षं जगले, एक तरी गोष्ट माझ्यापाशी राहिली असेल. तिने आत हात घातला. खोल हौदात पडलेली बाळाची बिंदली चाचपावी तसा, खांद्यापर्यंत.

कापसाच्या जिनिंगकडून वारा आला. त्याच्यासोबत रुई आली, नेहमीसारखी, सरकी सुटलेली, हलकी. उडत उडत आली आणि ओल्या चादरीला चिकटली. मोहिनीने ती नखाने काढायला बोट नेलं आणि बोट तिथेच राहिलं. नवी नवरी होऊन आलेली ती याच गच्चीवर उभी होती. हातात चादर नव्हती, सासूबाईचं नऊवारी लुगडं होतं, पाण्याने जड. रोहण्याहून येऊन थोडेच दिवस झालेले, हिरवा चुडा अजून मनगटाला रुतायचा. खाली घरात सगळे तिला सूनबाई म्हणून हाक मारत होते आणि प्रत्येक हाकेला ती दचकत होती, की ही कोण. तेव्हा अशीच रुई येऊन बसली होती, आणि तिच्या तोंडात काहीतरी आलं होतं, आईच्या आणि आत्याच्या ओव्यांच्या चालीवर, पण त्यांचं नव्हे. ते तिने दातांनी अडवलं होतं. कोणाला सांगितलं नाही. ओमप्रकाशला नाही, रक्षाला झोपवताना नाही, रत्नदीपला नाही. आणि ते एकटं नव्हतं. हे आठवून तिला एकदम उन्हातही शहारा आला. कुकरच्या शिट्टीवर एक ओवी होती. वर्ध्याच्या पॅसेंजरवर एक. रक्षाची खोली रिकामी झाल्यावर सलग बऱ्याच आल्या होत्या. उचकी लागावी तशा त्या यायच्या, ती पाणी पिऊन त्या घालवायची, आणि त्या गेल्या नव्हत्या. सगळ्या होत्या. खाली बसलेल्या, भरलेल्या, झाकलेल्या. डबा कानाशी हलवला तरी कोणाला ऐकू न आलेल्या. तिने चादर तशीच टाकली, चादरीचं एक टोक गच्चीच्या धुळीत लोळलं, आणि पायऱ्या उतरताना ती एक पायरी चुकली, भिंतीला हात लावून सावरली, हसली. रुईवरच्या त्या ओवीच्या पहिल्या दोन ओळींतल्या प्रत्येक शब्दाचं पहिलं अक्षर घेतलं तर एक असा शब्द होत होता, जो कोणत्याही भाषेत नव्हता.

शनिवारी दुपारी, तास सुरू होण्याच्या थोडं आधी, तिने माजघराची किल्ली बदलली आणि ओसरी तासापुरती मिटली. डब्यावरचा हिरवा दिवा विझला, लाल झाला, पुन्हा हिरवा. ती रांग पाहत होती. किंग गेला. टायगर गेला. गुलाबाचं फूल गेलं. एकेक नाव पाखरू उडावं तसं फांदीवरून उठत गेलं, आणि शेवटी फांदी नुसती हलत राहिली, तिच्यावर एकच नाव, मोहिनी. भिंतीपलीकडून जयवंताची हाक आली, काऊन व, तुह्यं वायफाय मेलं का. पूर्वी ती उठून गेली असती. तिने बसल्या जागेवरून सांगितलं की मेलं नाही, तासाभरानं ओसरीवर येजो, तुले नवीन देतो. पलीकडे जयवंता काहीतरी पुटपुटली, त्यात हसू होतं की फुगणं ते कळलं नाही. मोहिनी उठली नाही. ओमप्रकाश जेवायला आलेला, त्याने नवा पासवर्ड विचारला. मोबाइल द्या इकडं, टाकून देतो, ती म्हणाली आणि पाठ करून टाकला. त्याने एकदा तिच्या पाठीकडे पाहिलं, फोन घेतला आणि तो हातात तसाच धरून दुकानाकडे गेला.

चौकोन उजळले. सिडनीत दिवेलागण झालेली, एका खिडकीत निळसर अंधार. आणि आवाज, तिचा स्वतःचा, न तुटता, न घसरता तिकडे पोचत होता. ती ते मुलांच्या डोळ्यांत पाहू शकत होती. चिमणी काय म्हणाली ते तिने सांगितलं. कावळा काय म्हणाला तेही. मुलं हसली ती नेमकी हसायच्या जागी हसली, मागे-पुढे नाही, आणि त्या नेमकेपणाने तिला असा चेव आला की मॅडमने एखादं गाणं घ्या म्हटल्याबरोबर तिने भुलाबाईचं सुरू केलं. हे आम्हाला येतं, एक मुलगा म्हणाला. आजीने पाठवलं होतं. तिने दुसरं घेतलं. तेही त्यांना येत होतं. तिसऱ्याची पहिलीच ओळ चष्मेवाल्या छोट्या मुलीने पुरी केली आणि म्हणाली, “मावशी, आम्हाला येत नाही असं म्हणा ना.” सगळे चौकोन तिच्याकडे पाहत होते. मॅडमही. मोहिनीच्या उजव्या हाताला स्वयंपाकघराचा पडदा होता आणि त्याच्यामागे आनंदाबाई दुपारची बसली होती, हे तिला ठाऊक होतं. पडद्याखालून सासूबाईचा पाय हलताना दिसत होता, टाचेला भेगा पडलेला. घशाशी आलेलं तिने एकदा गिळलं. ते पुन्हा वर आलं.

“उडे उडे रुई, कुंपन नाई तिले,
वल्या लुगड्यावर बसून, गाव पुसे मले.
सांगू कसं बाई, माहं गाव कोनतं,
माहेर गेलं मांगं, सासर अजून नवतं.”

घराचं कुलूप ती मोठ्याने गात होती आणि कोणालाच ते कुलूप आहे हे कळत नव्हतं, या मजेत पहिल्या दोन ओळी निघून गेल्या. चौथी ओळ, सासर अजून आपलं झालं नव्हतं म्हणणारी, तोंडात आली तेव्हा पडद्याखालचा तो पाय हलायचा थांबला. मोहिनीचा आवाज कापला. पण नेट तुटलं नाही, आणि तीही तुटली नाही. ‘नवतं’ हा शब्द पुरा, सुरात, सिडनीपर्यंत गेला आणि पडद्यापर्यंतही. मग चष्मेवालीने विचारलं, रुई म्हणजे काय? मोहिनीने इकडेतिकडे पाहिलं. खोलीत लॅपटॉप होता, उशा होत्या, इस्त्रीचे कपडे होते; कापसाच्या गावात, कापडाच्या घरात, दाखवायला रुई नव्हती. ती उठणार, तेवढ्यात पडद्याच्या कडेतून एक हात बाहेर आला, शिरा उमटलेला, त्याला विभूतीचा वास आणि बोटांच्या चिमटीत पांढराशुभ्र कापूस. सासूबाई पलीकडे वाती वळत होती. मोहिनीने तो पिंजून कॅमेऱ्यासमोर धरला आणि फुंकर मारली. तो उडाला, लॅपटॉपच्या चौकटीबाहेर गेला, आणि सिडनीतली सगळी मुलं आपापल्या लॅपटॉपवर फुंकर मारायला लागली, गाल फुगवून, पुन्हा पुन्हा. मॅडम हसत हसत म्हणाल्या, सोमवारपासून जमेल ना तुम्हाला?

चौकोन मिटले तरी मोहिनी खुर्चीतच होती, अंगात असं काही उसळत होतं की आत्ता गच्चीवर धावत जावं. पण तिने पडदा बाजूला केला. आनंदाबाई जमिनीवर बसली होती, पाय पसरून, मांडीवर वळलेल्या वाती. तिने वर पाहिलं नाही.

“कोनाचं गानं व ते?”

“माहं,” मोहिनी म्हणाली.

आनंदाबाईने एक वात वळली. ती नीट झाली नाही म्हणून उकलली, पुन्हा वळली.

“नवतं म्हन्ते,” ती म्हणाली. मग मान किंचित तिरपी झाली. “अन् आता?”

उत्तर तिला येत होतं. पण ते साध्या बोलण्यात नव्हतं.

“त्याची अलग ओवी आहे, आत्याबाई.”

आनंदाबाईने मांडीवरच्या वाती उचलून ताटलीत ठेवल्या, ताटली भिंतीशी सरकवली आणि पसरलेले पाय आखडून घेतले. दोघींच्या मधली फरशी रिकामी झाली.

“बस मंग,” ती म्हणाली. “म्हन.”